यादीतून सुटलेली जागा

मिहामा हे जपानच्या फुकुई प्रांतातलं, वाकासा उपसागराच्या काठचं छोटं गाव. तिथल्या अणुवीज केंद्राची वीज १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पोचली, तेव्हा साऱ्या देशाला तिचं अप्रूप वाटलं होतं. याच केंद्राचा तिसरा, ८२६ मेगावॉटचा संच डिसेंबर १९७६ मध्ये सुरू झाला आणि पुढची २८ वर्षं वीज देत राहिला.

९ ऑगस्ट २००४, सोमवार. पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, हा संच ठरावीक तपासणीसाठी बंद व्हायचा होता. बंदचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून कंत्राटी कामगार आधीच टर्बाइनच्या इमारतीत येऊन सामानाची मांडामांड करत होते. शंभराहून अधिक माणसं आत होती आणि संच पूर्ण क्षमतेने चालू होता. दुपारी ३ वाजून २२ मिनिटांनी दुसऱ्या मजल्याच्या छतालगतचा एक पाइप फाटला. ५६ सेंटिमीटर व्यासाचा पाइप, आतलं पाणी १४२ अंश सेल्सिअसचं, दाब वातावरणाच्या सुमारे नऊपट. दाबाखाली कोंडलेलं असं पाणी मोकळं झालं की त्यातल्या काही भागाची तत्क्षणी वाफ होते. इमारत वाफेने कोंदली. जवळ काम करणारे अकरा जण तिच्या तडाख्यात सापडले. चौघे त्याच दिवशी गेले, पाचवा दोन आठवड्यांनी गेला. उरलेले सहा जण भाजले, पण वाचले.

किरणोत्सर्गाचा इथे काही संबंध नव्हता. फाटलेला पाइप दुय्यम चक्रातला होता. या चक्रातलं पाणी अणुभट्टीच्या गाभ्याला शिवत नाही. त्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि परत तापायला निघते. कोळशावर चालणाऱ्या कुठल्याही वीज केंद्रातही पाण्याचा हाच फेरा असतो.

बसवला तेव्हा त्या पाइपची भिंत १० मिलिमीटर जाड होती. नियमानुसार ती ४.७ मिलिमीटरच्या खाली जायला नको होती. फाटलेल्या जागी सर्वांत पातळ भाग मोजला तेव्हा तो ०.४ मिलिमीटर भरला. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा साधारण एवढाच असतो. आणि २८ वर्षांत या जागेची जाडी एकदाही मोजली गेलेली नव्हती.

साडेनऊ मिलिमीटर पोलाद गेलं कुठे? शास्त्राला याचं उत्तर ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी अमेरिकेत चार माणसांचे जीव जाऊन ते साऱ्या जगासमोर आलेलंही होतं. कळलेली गोष्ट त्या पाइपाच्या त्या वीतभर जागेपर्यंत का पोचली नाही, याचा हा इतिहास आहे.

काळा पापुद्रा

घराचं बांधकाम चालू असताना दारात वाळूचा ढीग पडतो. त्यात लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी हा खेळ खेळलेला असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून नदीच्या वाळूत आलेले हे कण म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट. लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार, अशी त्याची घडण. जगभरातल्या बॉयलरमधलं पोलाद याच काळ्या पदार्थाच्या पातळ थराच्या आधाराने तग धरून आहे.

तांबडा गंज आपल्या रोजच्या ओळखीचा. हवा आणि ओल मिळाली की तो लोखंडावर चढतो, भुसभुशीत असतो, खवल्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड उघडं पाडत आत शिरत राहतो. खूप तापलेल्या आणि हवा काढून टाकलेल्या पाण्यात मात्र वेगळंच घडतं. तिथे मोकळा ऑक्सिजन नसतो, म्हणून लोखंड पाण्याच्या रेणूतलाच ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन वायू सोडून देतं आणि स्वतःच्या अंगावर मॅग्नेटाइटचा काळा, घट्ट पापुद्रा चढवतं. या बदलातला एक महत्त्वाचा टप्पा जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड शिकॉर याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडला. आजही ती अभिक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पापुद्रा तयार होताना थोडं लोखंड खर्ची पडतं. पण तो जसजसा जाड होतो तसतसं पाण्याला लोखंडापर्यंत पोचणं अवघड होत जातं आणि गंजण्याचा वेग मंदावतो. म्हणून नवा बॉयलर चालू करण्याआधी तो आम्लाने धुतात आणि मग त्यावर असा थर मुद्दाम धरू देतात. पुढे कधी बंदच्या काळात झाकण उघडून आत पाहिलं आणि भिंती सगळीकडे सारख्या काळपट दिसल्या, की केमिस्टचा जीव भांड्यात पडतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या वीज मंडळाच्या लेदरहेड इथल्या प्रयोगशाळेत पॉटर आणि मॅन या दोघांनी हा पापुद्रा बारकाईने तपासला. त्यांना तो दुपदरी दिसला. आतला पदर बारीक कणांचा, पोलादाला चिकटून, पूर्वी जिथे धातू होता नेमक्या त्याच जागेत वाढलेला. बाहेरचा पदर मोठ्या स्फटिकांचा, पाण्याच्या बाजूने साचलेला. याचं कारण पाहण्यासारखं आहे. लोखंड जेवढी जागा सोडतं, त्याच्या सुमारे दुप्पट जागा त्यापासून बनलेल्या मॅग्नेटाइटला लागते. म्हणून निम्मं लोखंड ऑक्साइड होऊन जागीच राहतं. उरलेलं निम्मं विरघळून बाहेर येतं आणि पाण्याच्या बाजूला पुन्हा स्फटिकरूपाने बसतं.

या दुसऱ्या निम्म्या भागातच मिहामाच्या अपघाताचं बीज आहे. बाहेर आलेलं लोखंड तिथेच बसलं तर पापुद्रा पुरा होतो. पण ते बसायच्या आत वाहत्या पाण्याने उचलून नेलं तर काय होईल?

शुद्ध पाण्याची भूक

वीज केंद्रातल्या पाण्याचा इतिहास हा मुख्यतः ऑक्सिजनशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. पाण्यात विरलेल्या हवेमुळे जुन्या बॉयलरच्या नळ्यांना खड्डे पडत आणि त्यांतून नळ्या फुटत. त्यावर उपाय निघत गेले. पाणी डीअरेटरमध्ये नेऊन वाफेने तापवायचं आणि त्यातली हवा हुसकून लावायची. तरीही उरलेला ऑक्सिजन हायड्राझिन घालून संपवायचा. क्षार काढून टाकायला डीएम प्लांट आला. आम्लता राहू नये म्हणून अमोनिया घालायचा प्रघात पडला. १९६० आणि ७०च्या दशकांत बांधलेल्या केंद्रांमध्ये पाणी इतकं शुद्ध होऊ लागलं की त्यातला ऑक्सिजन अब्जात काही भाग अशा मापाने मोजावा लागे. ही खरोखरच मोठी कमाई होती. खड्डे पडायचे थांबले, नळ्यांचं आयुष्य वाढलं.

पण इतक्या निर्मळ पाण्याला स्वतःचीच एक भूक असते. त्यात लोखंड जवळजवळ नसतंच, त्यामुळे मॅग्नेटाइट विरघळवून घेण्याची त्याची ताकद शाबूत असते. १९७० साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या स्वीटन आणि बेस या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात मॅग्नेटाइट किती विरघळतं याची मापं प्रसिद्ध केली. वीज केंद्रात असतं तशा, किंचित अल्कधर्मी पाण्यात ही विद्राव्यता १५० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते. तापमान त्याहून चढलं की ती पुन्हा उतरते. म्हणूनच ३०० अंशांच्या बॉयलर नळीत हा पापुद्रा सुखरूप राहतो आणि तिथे पोचण्याआधी, १३० ते १५० अंशांच्या वाटेवर, त्याला सर्वांत जास्त धोका असतो.

पाणी संथ असेल तर भिंतीलगतचा त्याचा पातळ थर लोखंडाने लवकर भरतो आणि विरघळणं आपोआप थांबतं. पण पाणी वेगाने वाहत असेल, बेंडवर वळत असेल किंवा ओरिफिस प्लेटच्या अरुंद भोकातून बाहेर पडून भोवरे करत असेल, तर भिंतीलगतचा तो थर टिकत नाही. भरलेलं पाणी निघून जातं, उपाशी पाणी त्याच्या जागी येतं. पापुद्रा वरून विरघळत राहतो आणि त्याची भरपाई करायला खालचं पोलाद रोज थोडं थोडं खर्ची पडतं. पाण्याने धातू घासून नेला असं इथे झालेलं नसतं. धातू स्वतःच आपलं रक्षण करत राहतो आणि त्या पायी संपत जातो. या झिजेचा वेग दिवसांगणिक मंदावत नाही. आज जेवढा, दहा वर्षांनी तेवढाच. इंजिनिअर आज याला फ्लो ॲक्सिलरेटेड करोजन किंवा नुसतं एफएसी म्हणतात. झिजलेला पृष्ठभाग माशाच्या खवल्यांसारखा दिसतो आणि त्यावरचा ऑक्साइड इतका विरळ असतो की गंजाची एकही खूण दिसत नाही.

यावरचे उपायही हळूहळू हाती येत गेले. पाणी जरा जास्त अल्कधर्मी ठेवलं की मॅग्नेटाइट कमी विरघळतं. पण अनेक केंद्रांत कंडेन्सरच्या किंवा हीटरच्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूंच्या असत. जास्त अमोनिया तांब्याला खातो, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा लागे. जर्मनीत १९७०च्या सुमाराला उलटा विचार पुढे आला. पाणी अत्यंत शुद्ध असेल तर त्यात थोडा ऑक्सिजन मुद्दाम सोडावा. तो मॅग्नेटाइटची छिद्रं बुजवतो आणि वर तांबूस ऑक्साइडचा जवळजवळ न विरघळणारा थर धरतो. ज्या ऑक्सिजनला घालवायला दोन पिढ्या झटल्या, तोच मोजून दिला की औषधासारखा लागू पडत होता. तिसरा उपाय पोलादातच होता. क्रोमियमचा एक दशांश टक्का अंशही झीज लक्षणीय कमी करतो आणि सव्वादोन टक्के क्रोमियमच्या पोलादाला ती जवळपास लागतच नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंड, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतल्या संशोधकांनी हे सगळं प्रयोगांनी दाखवून दिलं होतं.

सरी, १९८६

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीच्या काठी सरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. त्याचा दुसरा संच १९७३ साली सुरू झाला. ९ डिसेंबर १९८६ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांच्या सुमारास तो पूर्ण क्षमतेने चालू असताना वाफेच्या वाटेवरचा एक व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. अणुभट्टीही पाठोपाठ आपोआप थांबली. इथवर काळजी करण्यासारखं काही नव्हतं, अशा घटनांसाठीच यंत्रणा उभी केलेली असते. पण त्या उलथापालथीत फीडवॉटरच्या, म्हणजे परत तापायला निघालेल्या पाण्याच्या, वाटेवरचा दाब थोडा चढला, आणि पंपाकडे जाणाऱ्या १८ इंची पाइपाचा काटकोनी एल्बो फुटला.

पाइपच्या भिंतीचा सुमारे दोन फूट बाय चार फुटांचा तुकडा उडून वरच्या केबलच्या ट्रेवर जाऊन पडला. सुमारे १९० अंशांचं पाणी वाफ होत टर्बाइनच्या इमारतीत घुसलं. जवळच देखभालीचं काम करणारे आठ कामगार भाजले. त्यांतले चौघे पुढच्या दिवसांत दगावले. पाणी आणि वाफ विजेच्या पेट्यांत शिरल्यामुळे कार्ड लावून उघडणारी दारं अडली आणि आग विझवण्याचे वायू आग नसतानाच सुटले.

अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीची भिंत काही ठिकाणी सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरली होती. तपासनीसांपुढे सगळ्यांत मोठा प्रश्न हा होता, की या एल्बोवर आधी कुणी लक्ष का ठेवलं नाही. त्याचं उत्तर तेव्हाच्या समजुतीत होतं. वाफ आणि पाण्याचे थेंब एकत्र धावतात तिथे पाइप झिजतात, हे वीज केंद्रातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि अशा पाइपांची तपासणी होतही असे. पण नुसतं पाणी, तेही इतकं शुद्ध, पोलादाला काय करणार? नुसत्या पाण्याचे पाइप तपासावेत असा दंडकच नव्हता. शोधनिबंधांत लिहिलेलं अजून पाइपापाशी पोचलं नव्हतं.

सरीनंतर ते पोचवायचा मोठा प्रयत्न झाला. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने जुलै १९८७ मध्ये देशातल्या सगळ्या केंद्रांना पत्रक पाठवून त्यांच्या पाइपांची स्थिती विचारली. उत्तरं आली तेव्हा झिजलेले पाइप केंद्रामागून केंद्रात सापडत गेले. इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी ‘चेक’ नावाचा संगणकीय हिशेब तयार केला. पाण्याचं तापमान, वेग, अल्कता, त्यातला ऑक्सिजन, पोलादातलं क्रोमियम आणि पाइपचा आकार एवढं त्याला दिलं की कुठली जागा किती झिजली असेल याचा अंदाज तो देई. मग तिथे अल्ट्रासॉनिक यंत्राने प्रत्यक्ष जाडी मोजायची. हजारो बेंड आणि जोड असलेल्या केंद्रात काय काय तपासायचं, हे पहिल्यांदाच अंदाजपंचे न ठरता रसायनशास्त्राच्या आधाराने ठरू लागलं.

धोका फक्त अमेरिकेत नव्हता. १९९० साली फिनलंडच्या लोवीसा केंद्राच्या पहिल्या संचात फीडवॉटरचा पाइप फुटला. जागा होती प्रवाह मोजणाऱ्या ओरिफिसच्या लगतची. १९९३ साली त्याच केंद्राच्या दुसऱ्या संचातही फीडवॉटरचा पाइप तसाच फुटला. ओरिफिसच्या पुढे पाइप कसा खंगतो, हे आता जगासमोर होतं.

एक ओळ

जपानने सरीची दखल घेतली नाही असं मुळीच नाही. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्या जपानी कंपन्यांनी १९९० साली दुय्यम चक्रातल्या पाइपांच्या तपासणीची नियमावली तयार केली. कुठले भाग तपासायचे ते तिच्यात लिहिलेलं होतं. बेंड, टी-जोड, व्हॉल्व्हच्या पुढचा भाग आणि ओरिफिसच्या पुढचा भाग. म्हणजे मिहामाच्या तिसऱ्या संचात जी जागा फाटली, ती या नियमावलीच्या शब्दांत स्पष्ट बसत होती.

नियमावलीवरून प्रत्येक संचाची यादी करायची होती. कुठला पाइप, कुठली जागा, शेवटचं माप कधी घेतलं, पुढचं कधी घ्यायचं. मिहामाची ही यादी संच बांधणाऱ्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने तयार केली. ती करताना चौथ्या लो-प्रेशर हीटरकडून डीअरेटरकडे जाणाऱ्या पाइपावरची, ओरिफिसच्या पुढची जागा नोंदवायची राहिली. हजारो नोंदींमधली एक ओळ.

त्यानंतर दर तपासणीत यादीप्रमाणे काम झालं. यादीत होतं ते मोजलं गेलं, जिथे बदलायला हवं तिथे पाइप बदलले गेले. यादीत नव्हतं त्याकडे कुणाची नजर गेली नाही, कारण यादी पुरी आहे अशीच सगळ्यांची धारणा होती. १९९६ मध्ये हे काम मित्सुबिशीकडून, मिहामा केंद्र चालवणाऱ्या कान्साई या वीज कंपनीच्याच गटातल्या निहॉन आर्म या कंपनीकडे गेलं. जुनी यादी नव्या हातात आली आणि तिच्यातली चूकही सोबत आली.

२००३ साली निहॉन आर्मच्या लोकांना ही सुटलेली जागा दिसली. त्यांनी ती यादीत घातली आणि पुढच्या मोठ्या तपासणीत तिची जाडी मोजायचं ठरलं. ती तपासणी होती ऑगस्ट २००४ ची. ही जागा २७ वर्षांत कधीच पाहिलेली नाही, म्हणून संच आताच थांबवून ती पाहावी, असं कुणी म्हटलं नाही. यादीतल्या इतर ओळींसारखीच तीही एक ओळ झाली आणि तिची पाळी १४ ऑगस्टनंतर येणार होती.

आता हिशेब मांडून पाहू. संच तोवर सुमारे १,८५,७०० तास चालला होता. तेवढ्या वेळात साडेनऊ मिलिमीटरहून थोडं अधिक पोलाद गेलं. म्हणजे चालू काळात वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एफएसीची झीज साधारण एकाच चालीने होते, हे धरलं तर १० मिलिमीटरची भिंत ४.७ च्या खाली निम्म्याहून थोडी पुढची वाट चालल्यावरच गेली असली पाहिजे. म्हणजे त्यानंतरची कित्येक वर्षं हा पाइप नियमबाह्य जाडीने चालत होता. १९९० ची यादी पुरी असती, तर पाइप बदलायला भरपूर वेळ हातात होता. जोडीला असलेल्या दुसऱ्या पाइपची तीच जागा अपघातानंतर मोजली, तेव्हा तीही १.८ मिलिमीटरवर आलेली होती. तीदेखील कुणी पाहिलेली नव्हती.

फाटलेल्या पाइपचा आतला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला तेव्हा त्यावर माशाच्या खवल्यांची नक्षी दिसली. नवीन असं त्यात काही नव्हतं. १४२ अंश तापमान, ऑक्सिजनरहित शुद्ध पाणी, साधं कार्बन पोलाद, ओरिफिसच्या पुढचे भोवरे. पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून द्यावं अशी सगळी लक्षणं एका जागी जमली होती. जपानच्या अणुसुरक्षा यंत्रणेने मार्च २००५ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात धातुशास्त्रातला कुठलाही नवा शोध नाही. त्यातला मोठा भाग यादी कुणी केली, कुणाकडे गेली, कुणी तपासली आणि कुणी कुणाला सांगितलं नाही, याचा आहे. मग शोध घेतला तेव्हा यादीतून सुटलेल्या आणखीही जागा निघाल्या.

आपल्या दारातलं पाणी

हा दूरदेशीचा इतिहास आहे असं समजून सोडून देण्यासारखा नाही. भारताच्या अणुवीज केंद्रांच्या दुय्यम चक्रातल्या कार्बन पोलादाच्या पाइपांवरही ही झीज आढळली आहे. मुंबईच्या तुर्भ्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या धातुशास्त्रज्ञांनी अशा पाइपांचे तुकडे तपासून, त्यांवरच्या खवल्यांसारख्या खुणांवरून झिजेचं स्वरूप ओळखलं आणि उपाय सुचवले. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये गाभ्याकडून गरम जड पाणी नेणाऱ्या फीडर नळ्यांतही हेच दिसलं. कॅनडात १९९०च्या दशकात त्या अपेक्षेहून जास्त पातळ झालेल्या आढळल्या. पुढे आपल्याकडेही अनेक अणुभट्ट्यांच्या फीडर नळ्या मोठ्या खटाटोपाने बदलाव्या लागल्या आणि बदलताना पोलादात क्रोमियमचा किंचित अंश आवर्जून ठेवला गेला. तो अंश इतका थोडा असतो की पोलादाचं नाव बदलत नाही. नळीचं आयुष्य मात्र बदलतं.

कोळशाची केंद्रंही यातून सुटत नाहीत. १९९५ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या कोळशावरच्या वीज केंद्रात फीडवॉटरचा पाइप असाच फुटून दोघांचा जीव गेला. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे, खापरखेडा ही नावं आपल्याला विजेच्या बातम्यांतून ठाऊक आहेत. या प्रत्येक ठिकाणी हाच पाण्याचा फेरा चालू असतो, हेच डीअरेटर, हेच फीड पंप, हेच बेंड असतात. साखर कारखान्यांतल्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्येही तेच. तिथला केमिस्ट दिवसरात्र पाण्याचे नमुने घेतो, अल्कता आणि ऑक्सिजन मोजतो, लोखंडाचा अंश पाहतो. ऑक्सिजन खूप झाला तर नळ्यांना खड्डे पडतील, अगदीच संपला तर पापुद्रा विरघळेल, अमोनिया वाढवला तर तांबं जाईल. या तिन्हींमधून वाट काढण्याचं त्याचं काम बाहेरच्यांना दिसत नाही, त्याला टाळ्याही मिळत नाहीत. पाइपाखालून निर्धास्त जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव मात्र त्याच्या वहीतल्या आकड्यांवर अवलंबून असतो.

सरी आणि मिहामा या दोन्ही घटनांतली एक गोष्ट फार बोचते. सरीत गेलेले चौघे आणि मिहामात गेलेले पाच, सगळे बाहेरून कामाला आलेले कंत्राटी कामगार होते. यादी करणाऱ्यांत ते नव्हते, ती तपासणाऱ्यांत नव्हते. पाइप कुठला, त्यात काय, तो शेवटचा कधी मोजला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि विचारायचा अधिकारही त्यांच्या कामात धरलेला नव्हता. ज्ञान आणि जोखीम अशी वेगवेगळ्या माणसांत वाटली गेली, की जोखीम ज्यांच्या वाट्याला येते तेच मरतात. माझ्या मते सरी आणि मिहामाचा खरा निकाल हाच आहे.

मिहामा केंद्राच्या आवारात आज सुरक्षेची शपथ कोरलेला एक दगड उभा आहे. दर ९ ऑगस्टला कंपनीचे अधिकारी तिथे जमतात आणि गेलेल्या पाच जणांसाठी मौन पाळतात. ते मौन योग्यच आहे. पण ज्यांच्या हाती अशा पाइपांची देखभाल आहे, त्या आपल्याकडच्या इंजिनिअरांना आणि केमिस्टांना मनापासून एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या शटडाउनला यादी टेबलावर ठेवून तिच्यावर खुणा करत बसू नका. ती हातात घ्या, लॅगिंग म्हणजे पाइपावरचं उष्णतारोधक आवरण काढायला सांगा आणि पाइपच्या सोबतीने हीटरपासून डीअरेटरपर्यंत चालत जा. जो बेंड, जी ओरिफिस प्लेट समोर दिसेल आणि यादीत सापडणार नाही, तिथल्या पाइपची जाडी त्याच दिवशी मोजा. आणि त्या पाइपाखाली कामाला येणाऱ्या माणसाला ते माप सांगा.